चिखलाचे चाक डांबरावर

आषाढाच्या सरी सुरू झाल्या, की गोंदियाजवळच्या नागरा गावाच्या शिवारात धानाच्या बांध्यांमध्ये चिखलणीची घाई उडते. पऱ्हे रोवणीला आलेले असतात, मजूर ठरलेले असतात आणि पाऊस कोणासाठी थांबत नाही. अशा वेळी ट्रॅक्टरला मागच्या बाजूस लोखंडी पट्ट्यांची, पिंजऱ्यासारखी दिसणारी चाके चढवली जातात. ‘केजव्हील’ हा शब्द आता धानपट्ट्यातल्या बोलीचाच झाला आहे. रबरी टायर जिथे जागच्या जागी फिरत राहतो, तिथे हे चाक चिखल कापत पुढे सरकते. मात्र तेच चाक लावलेला ट्रॅक्टर बांधीतून थेट डांबरी रस्त्यावर चढला, की रस्त्याची साल निघते. मग पावसाळाभर त्याच रस्त्याने जाणाऱ्या सायकलस्वारांना आणि दुचाकीस्वारांना त्याची किंमत मोजावी लागते. चिखलाचे चाक चिखलात आणि डांबराचे चाक डांबरावर, हा या मुलखातला साधा व्यवहार आहे.

नागऱ्याहून काही किलोमीटरवर असलेल्या गोंदिया शहरात शिरले, की हाच व्यवहार उलटा झालेला दिसतो. सायकल, हातगाडी आणि रिक्षा यांच्या मापाने वसलेल्या बाजारपेठेच्या गल्लीत दोन टनांचे, पावणेपाच मीटर लांबीचे आणि चारही चाकांना बळ पुरवू शकणारे वाहन भाजीच्या गाडीमागे अडकून पडलेले असते. आत बहुधा एकच माणूस असतो. हे चित्र केवळ गोंदियाचे नाही. नागपूर, पुणे, नाशिक, ठाणे अशा कोणत्याही शहराचे आहे. डोंगर, वाळू आणि चिखल यांच्यासाठी जन्मलेले हे वाहन शहरातल्या रोजच्या ये-जा करण्यासाठी शहाणपणाचे आहे काय, हा प्रश्न आता केवळ वाहनशौकिनांपुरता उरलेला नाही.

बाजाराचा कौल आणि कराची सवलत

भारतीय वाहन उत्पादकांच्या ‘सियाम’ या संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२४-२५ या आर्थिक वर्षात देशात सुमारे ४३ लाख प्रवासी वाहने विकली गेली. त्यांपैकी सुमारे २८ लाख ही ‘युटिलिटी’ गटातली, म्हणजे एसयूव्ही आणि तत्सम मोठ्या बांध्याची होती. शंभरातली पासष्ट. कधी काळी मध्यमवर्गाचे स्वप्न असलेली छोटी मोटार आता बाजारात अल्पसंख्य ठरली आहे.

त्यातच २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराची नवी रचना लागू झाली. चार मीटरच्या आतल्या आणि लहान इंजिनाच्या मोटारींवरील कर २८ टक्के अधिक उपकर यांवरून १८ टक्क्यांवर आला. त्याची चर्चा पुष्कळ झाली. त्या मानाने दुर्लक्षित राहिलेली बाब अशी, की मोठ्या एसयूव्हींवर उपकरासह जो ५० टक्के भार होता, तोही ४० टक्क्यांवर उतरला. टक्क्यांच्या हिशेबात दोन्ही गटांना जवळपास सारखाच दिलासा मिळाला. रुपयांच्या हिशेबात मात्र महागड्या वाहनाच्या खरेदीदाराची बचत कितीतरी अधिक झाली.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. एसयूव्ही म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुसंख्य वाहनांत फोर व्हील ड्राइव्ह नसतेच. ज्या ‘थार’कडे रानवाटांचे वाहन म्हणून पाहिले जाते, तिचीही केवळ मागच्या चाकांवर चालणारी आवृत्ती जानेवारी २०२३ मध्ये बाजारात आली आणि ग्राहकांनी ती उचलून धरली. म्हणजे बहुतेकांना हवी असते ती उंची, तो रुबाब आणि ते आकारमान. चार चाकांचे बळ ही पुढची पायरी. त्यामुळे हा प्रश्न दोन भागांत पाहावा लागतो. पहिला, शहरात चार चाकांच्या बळाचा उपयोग किती? आणि दुसरा, शहरात एवढ्या मोठ्या देहाचा उपयोग किती?

चार चाकांचे बळ करते काय?

सामान्य मोटारीत इंजिनाची शक्ती पुढच्या किंवा मागच्या दोन चाकांना मिळते. ती दोन चाके चिखलात घसरू लागली, की गाडी जागच्या जागी रुतते. फोर व्हील ड्राइव्हमध्ये ‘ट्रान्स्फर केस’ नावाच्या यंत्रणेद्वारे ही शक्ती चारही चाकांकडे वळवता येते. जोडीला ‘लो रेंज’ असेल, तर वेग कमी करून जोर कित्येक पटींनी वाढवता येतो. घाटातली ओली माती, नदीपात्रातली वाळू, जंगलातली चढण येथे या यंत्रणेला पर्याय नाही.

मात्र ती करत नाही अशा गोष्टींची यादी शहरवासीयांनी अधिक बारकाईने वाचावयास हवी. ती गाडीला पुढे ढकलते, पण ब्रेक लागण्याचे अंतर कमी करत नाही, कारण प्रत्येक मोटारीचे ब्रेक मुळातच चारही चाकांवर लागतात. ओल्या डांबरावर टायर पाण्यावर तरंगू लागला, तर चारही चाके एकत्र तरंगतात. तेथे उपयोगी पडते ती टायरची चांगली नक्षी आणि चालकाचा आवरलेला वेग. शिवाय ‘थार’, ‘स्कॉर्पिओ-एन’, ‘फॉर्च्युनर’ यांसारख्या वाहनांतली व्यवस्था गरजेपुरती, म्हणजे चालकाने खटका दाबल्यावर लागू होणारी आहे. कोरड्या डांबरावर ती लावून वळण घेतले, तर पुढच्या आणि मागच्या चाकांच्या फिरण्यातला फरक सामावून घ्यायला जागाच उरत नाही आणि यंत्रणेवर ताण येतो. म्हणून अशी व्यवस्था कोरड्या पक्क्या रस्त्यावर वापरू नये, असाच दंडक आहे. थोडक्यात, शहरातला माणूस ज्या सोयीसाठी जादा पैसे मोजतो, ती वर्षातले जवळपास सगळे दिवस बंद ठेवणे हाच तिचा योग्य वापर ठरतो. तिचे वजन मात्र रोज वाहून न्यावे लागते.

जीपपासून काळी-पिवळीपर्यंत

महाराष्ट्राचा या वाहनांशी असलेला संबंध जुना आहे. दुसऱ्या महायुद्धाने जगाला दिलेली विलिस जीप स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच महिंद्र कंपनीने मुंबईत जोडावयास सुरुवात केली. पुढे खेड्यापाड्यांत जीप आली ती सरकारच्या रूपाने. तहसीलदार, गटविकास अधिकारी, वनाधिकारी आणि निवडणुकीतला उमेदवार. धुळीचा लोट उठला, की कोणीतरी अधिकारी माणूस आला, हे गावाला कळे. उंच वाहनाभोवतीचे अधिकाराचे वलय त्या काळातले आहे. ते आजही ओसरलेले नाही.

दुसरा टप्पा लोकांचा होता. ‘सुमो’ १९९४ साली आली. टाटांचे अभियंते सुमंत मूळगावकर यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून तिचे नाव पडले. विदर्भात ‘ट्रॅक्स’, ‘कमांडर’ आणि त्यांच्या भावंडांनी ‘काळी-पिवळी’ या नावाने वर्षानुवर्षे एसटीच्या जोडीने प्रवासी वाहिले. नियमाने नऊ आणि प्रत्यक्षात पंधरा माणसे कोंबणाऱ्या त्या प्रवासाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तो धोक्याचाच होता. तरीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागेल. तेव्हा मोठे वाहन मोठे असण्याला माणसांच्या संख्येचे कारण होते.

तिसरा टप्पा २००२ मध्ये नाशिकच्या कारखान्यातून आलेल्या ‘स्कॉर्पिओ’ने सुरू केला. जीपचा रांगडेपणा आणि मोटारीचा आराम यांची सांगड तिने घातली आणि मोठे वाहन शहरी कुटुंबाच्या दारात आले. वाहन तेच राहिले, त्यातली माणसे मात्र कमी होत गेली.

खरेदीदाराची कारणे

तरीही जो खरेदी करतो तो केवळ मिरवण्यासाठी करतो, असे म्हणून मोकळे होणे अन्यायाचे होईल. त्याची कारणे खरी आहेत.

पहिले कारण खड्ड्यांचे. शहरी रस्त्यांची आणि बेहिशेबी गतिरोधकांची अवस्था पाहता छोट्या मोटारीचा तळ घासला जातो, हे खरे. पण खड्ड्यात उपयोगी पडते ती जमिनीपासूनची उंची, मोठे चाक आणि जाड बाजूचा टायर. चार चाकांचे बळ नव्हे. तेवढी उंची आज मध्यम आकाराच्या, दोन चाकांच्या बळावरच्या अनेक मोटारींत मिळते.

दुसरे कारण तुंबलेल्या पाण्याचे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या दिवशी मोटारीत अडकून माणसे गुदमरून मरण पावली. ती आठवण मुंबईकरांच्या मनातून जाणार नाही. उंच वाहन गुडघाभर साचलेल्या पाण्यातून पुढे जाऊ शकते, हे मान्य. पण वाहत्या पाण्याचे गणित वेगळे असते. अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेचा इशारा असा, की फूटभर वेगवान पाणी छोटी मोटार वाहून नेऊ शकते आणि दोन फूट पाणी एसयूव्हीसह बहुतेक वाहने. उंच वाहनाचा धोका हा, की ते चालकाला पाण्यात शिरण्याचे धाडस देते आणि पाण्यातून परत आणण्याची हमी मात्र देत नाही.

तिसरे कारण सुरक्षिततेचे. महामार्गावर ट्रकच्या शेजारून जाताना उंच आसनावर बसलेल्याला धीर वाटतो. पण धीर वाटणे आणि सुरक्षित असणे यांत अंतर आहे. ‘ग्लोबल एनकॅप’च्या २०१६ मधील चाचणीत एअरबॅग नसलेल्या तत्कालीन ‘स्कॉर्पिओ’ला प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले होते. त्याच घराण्यातल्या ‘स्कॉर्पिओ-एन’ने २०२२ मध्ये पाच तारे मिळवले. सहा वर्षांत आकार मोठाच राहिला. बदलली ती सांगाड्याची रचना आणि आतली साधने. सुरक्षितता विकत घ्यायची असेल, तर वाहनाची उंची न पाहता त्याचे चाचणीतले तारे पाहावेत. १ ऑक्टोबर २०२३ पासून ‘भारत एनकॅप’मुळे ही सोय आपल्याकडेही झाली आहे.

चौथे कारण घरातल्या वडीलधाऱ्यांचे. गुडघेदुखीच्या माणसाला खोल आसनातून उठण्यापेक्षा उंच आसनावरून उतरणे सोपे जाते. हे कारण अगदी रास्त आहे. मात्र फोर व्हील ड्राइव्हची सर्वांत उंच वाहने याबाबतीत पुन्हा गैरसोयीचीच. पायरीवर पाय ठेवून, दांडी धरून चढावे लागते.

बिल कोणाच्या नावे?

आता दुसरा भाग, आकारमानाचा. ‘फॉर्च्युनर’ची लांबी ४७९५ मिलिमीटर आणि रुंदी १८५५ मिलिमीटर. ‘अल्टो के-१०’ची अनुक्रमे ३५३० आणि १४९० मिलिमीटर. पहिली जवळपास नऊ चौरस मीटर जमीन व्यापते, दुसरी सव्वापाच. आत एकटाच माणूस असेल, तर त्याच कामासाठी पावणेदोन पट जागा लागली. वाहनतळाच्या शुल्काचे दर आपल्याकडे सामान्यतः ‘चारचाकी’ या एकाच शब्दात बसवलेले असतात. त्यामुळे या जादा जागेचे भाडे कोणीच देत नाही. ती जागा पदपथावरून किंवा शेजाऱ्याच्या वाट्यातून येते.

त्याहून गंभीर बाब वजनाची. चाळीस किलोमीटरच्या वेगाने जाणाऱ्या दोन टनांच्या वाहनात त्याच वेगाच्या छोट्या मोटारीच्या अडीच पटींहून अधिक ऊर्जा साठलेली असते. धडक झाली तर ती ऊर्जा समोरच्याच्या अंगावर जाते. शिवाय समोरचा भाग उंच आणि उभट असेल, तर धडक पायांऐवजी छाती-डोक्याला बसते. अमेरिकेतल्या महामार्ग सुरक्षा विमा संस्थेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, चाळीस इंचांहून उंच बॉनेट असलेल्या वाहनाची धडक पादचाऱ्यासाठी प्राणघातक ठरण्याची शक्यता ठेंगण्या व उतरत्या नाकाच्या मोटारीपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी अधिक आढळली.

भारतात हा तपशील अधिकच बोचतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जणांनी जीव गमावला. त्यांत दुचाकीवरचे ७४,८९७ आणि पायी चालणारे ३२,८२५ होते. हे दोन गट मिळून जवळपास ६४ टक्के. म्हणजे आपल्या रस्त्यावर मरतो तो प्रामुख्याने मोटारीबाहेरचा माणूस. नागऱ्याच्या प्राचीन शिवमंदिरात महाशिवरात्रीला जी रीघ लागते, तिच्यातला पायी जाणारा भाविक, शाळेतून सायकलने परतणारी मुलगी, दुचाकीवर धानाचे पोते बांधून निघालेला शेतकरी, हे सारे त्यांतलेच. उंच बॉनेटच्या अगदी पुढ्यात उभे असलेले लहान मूल चालकाला दिसत नाही, हे तर कोणालाही आपल्या अंगणात तपासून पाहता येईल.

इंधनाचे गणित खरेदीदाराच्या खिशाचे आहे. समजा, शहरात रोज वीस किलोमीटर आणि वर्षाला तीनशे दिवस वाहन चालले. छोट्या मोटारीने लिटरला पंधरा किलोमीटर दिले, तर चारशे लिटर लागतील. मोठ्या वाहनाने नऊ दिले, तर साडेसहाशेहून अधिक. विजेवर चालणाऱ्या मोठ्या एसयूव्हींमुळे हा मुद्दा बाद झाला असे वाटेल. धुराचा प्रश्न त्या गल्लीपुरता मिटतो, हे खरे. पण बॅटरीमुळे अशी वाहने आणखी जड होतात. जागा आणि धडक यांचा हिशेब जिथल्या तिथेच राहतो.

धोरणाची धरसोड

या बाबी शासनाला कळत नाहीत, असे नव्हे. २०१३-१४ च्या अर्थसंकल्पात तत्कालीन अर्थमंत्री पी. चिदंबरम यांनी एसयूव्ही रस्त्यावर आणि वाहनतळावर अधिक जागा अडवतात, हेच कारण देऊन उत्पादन शुल्क २७ टक्क्यांवरून ३० टक्के केले होते. टॅक्सी म्हणून नोंदलेल्या वाहनांना त्यातून वगळले होते, हेही विचारपूर्वक. वर्षभरातच, फेब्रुवारी २०१४ मध्ये, मंदीचे कारण पुढे करून तेच शुल्क २४ टक्क्यांवर आणले गेले. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये दिल्ली परिसरात दोन हजार सीसी व त्यावरील डिझेल वाहनांची नोंदणी थांबवली. ऑगस्ट २०१६ मध्ये एक टक्का पर्यावरण अधिभाराच्या अटीवर ती बंदी उठली. आणि आता २०२५ ची कपात. दर वेळी पाऊल पुढे पडले आणि मागे आले.

महाराष्ट्रात नोंदणीच्या वेळी भरावयाचा एकरकमी कर वाहनाची किंमत आणि इंधन पाहतो. वजन किंवा व्यापलेली जागा पाहत नाही. वाहनतळाची जागा असल्याचा पुरावा दिल्याशिवाय नव्या मोटारीची नोंदणी करू नये, असा विचार राज्याच्या परिवहन मंत्र्यांनी २०२५ मध्ये बोलून दाखवला. त्याची दिशा योग्य आहे. पॅरिसने त्याच्या पुढे जाऊन फेब्रुवारी २०२४ मध्ये जनमत घेतले. ५४.५ टक्के मतदारांचा कौल मिळाल्यावर १ ऑक्टोबर २०२४ पासून बाहेरून येणाऱ्या १.६ टनांहून जड वाहनांचे वाहनतळ शुल्क तिप्पट झाले. विजेच्या वाहनांसाठी ही मर्यादा दोन टन ठेवली गेली. मतदान सहा टक्क्यांच्याही आत होते, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. तरीही तत्त्व स्वच्छ आहे. मोठे वाहन घेण्यास कोणाची मनाई नाही, पण जेवढी जागा आणि जेवढे वजन, तेवढे भाडे.

ज्यांना खरोखर लागते

फोर व्हील ड्राइव्ह निरर्थक आहे, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. नागझिऱ्याच्या जंगलात गस्त घालणाऱ्या वनरक्षकाला, सालेकसा-देवरीच्या आडबाजूच्या पाड्यावर पावसाळ्यात जाणाऱ्या आरोग्य पथकाला, पांदण रस्त्याने शेतावर खत पोचवणाऱ्याला ते वाहन लागतेच. गडचिरोलीत पर्लकोटेला पूर आला, की भामरागडचा संपर्क अनेकदा तुटला आहे. तेथे तर चार चाकांचे बळही पुरत नाही, नाव लागते. दुर्दैव असे, की ज्यांना या वाहनांची खरी निकड आहे त्यांच्यापाशी ती क्वचितच असतात. आणि ज्यांच्यापाशी ती आहेत, त्यांच्या घरापासून कार्यालयापर्यंत सिमेंटचा रस्ता असतो.

गोंदियासारख्या शहरात राहून नागऱ्यासारख्या गावी शेती सांभाळणारे कुटुंब या दोहोंच्या मधोमध उभे आहे. त्याने स्वतःलाच एक सोपा प्रश्न विचारावा. गेल्या वर्षी किती दिवस डांबर सोडून वाहन चिखलात घालावे लागले? उत्तर पाच-दहा दिवस असेल, तर त्या दिवसांपुरते भाड्याचे वाहन किंवा ट्रॅक्टर परवडतो. उत्तर पन्नास असेल, तर मोठे वाहन अवश्य घ्यावे. पण बाजारात जाताना ते घरी ठेवण्याची सोयही करावी.

मात्र या साऱ्या चर्चेत खरा प्रश्न वाहनाचा नाही, रस्त्याचा आहे. ज्याच्या शब्दाला नगरपालिकेत वजन असते, तोच जर खड्ड्यावरून अलगद जाणारे वाहन घेऊन मोकळा झाला, तर खड्डा बुजवा म्हणून आवाज उठवायचा कोणी? दुचाकीवरच्याने? तो तर त्या खड्ड्यात पडलेला असतो. सार्वजनिक दुरवस्थेवर काढलेला हा खासगी तोडगा आहे आणि त्याचे व्याज रस्त्यावरचा सर्वांत दुबळा माणूस भरतो आहे. उंच वाहनाचा कर कमी करणारे शासन आणि खड्डे तसेच ठेवणारी नगरपालिका नकळत एकाच बाजाराची जाहिरात करत असतात.

नागऱ्याच्या शिवारात रोवणी आटोपली, की केजव्हील उतरवून गोठ्याच्या भिंतीशी टेकवून ठेवले जाते. पुढच्या आषाढापर्यंत त्याचे काम नसते आणि त्यात कोणाला कमीपणाही वाटत नाही. शहराने यातून एवढेच शिकावे. चाक निवडताना आपल्या मनातल्या रस्त्याकडे न पाहता पायाखालच्या रस्त्याकडे पाहावे. आणि तो रस्ता वाईट असेल, तर आधी तो दुरुस्त करून मागावा.